मॉडेल रेल्वेसाठी स्वस्तातले चालते सिग्नल: एका दिव्यापासून स्वयंचलित यंत्रणेपर्यंत

टेबलावरच्या रेल्वेत इंजिन धावतं, डबे धावतात, स्टेशनात दिवे लागतात आणि सिग्नल मात्र बहुतेक वेळा शोभेचाच असतो. आयात केलेल्या तयार चालत्या सिग्नलसाठी हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि तोही जर्मन किंवा अमेरिकन ढंगाचा असतो. आपल्या रेल्वेचा पिवळा-हिरवा-पिवळा-लाल असा चार दिव्यांचा खांब दुकानात सहज मिळत नाही. घरी करायचा म्हटलं तर एका सिग्नलला चाळीस-पन्नास रुपयांचं सामान पुरतं. गाडी बघून आपोआप रंग बदलणारी चार सिग्नलची पूर्ण यंत्रणा हजार रुपयांच्या आत बसते.

माझा आग्रह एकच आहे: वेळ आणि पैसा खांबाच्या नक्षीपेक्षा सिग्नलच्या वागण्यावर खर्च करा. गाडी पुढे गेल्यावर मागचा सिग्नल आपोआप लाल झाला, ती लांब जाईल तसा पिवळा, डबल पिवळा, हिरवा होत गेला, की जुन्या एटीएम कार्डातून कापलेला सिग्नलही खरा वाटतो. कितीही देखणा सिग्नल गाडीकडे लक्ष देत नसेल, तर तो नुसता दिवा असतो.

खालची सगळी मापं एचओ म्हणजे १:८७ प्रमाणासाठी आहेत. एन प्रमाणात (१:१६०) काम करणाऱ्यांनी लांबी-रुंदी साधारण निम्मी धरावी. विजेची जोडणी तीच राहते.

आधी खरा सिग्नल नीट बघा

भारतात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल पहिल्यांदा १९२८ मध्ये मुंबईतच, बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने बसवले. आजही मुंबईच्या लोकलमार्गांवर उभं राहिलं तर ही पद्धत दहा मिनिटांत डोळ्यांनी शिकता येते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला किंवा पादचारी पुलावर थांबा आणि एकाच सिग्नलवर नजर ठेवा. रुळांत उतरायची काहीही गरज नाही.

चार दिव्यांच्या खांबावर वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा आणि तळाला लाल असा क्रम असतो. लाल म्हणजे थांबा. एकच पिवळा लागतो तेव्हा खालचा लागतो; त्याचा अर्थ पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोन्ही पिवळे लागले तर पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायचा आहे, हे लक्षात ठेवून चला. हिरवा म्हणजे पुढचा मार्ग मोकळा. दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा ठेवला आहे तो उगाच नाही: दोन पिवळे एकमेकांना चिकटून असते, तर लांबून एकच दिसले असते. लाल तळाला असतो, कारण तिथे तो गाडी चालवणाऱ्याच्या नजरेच्या सर्वांत जवळ येतो. सिग्नल साधारणपणे रुळाच्या डाव्या हाताला असतो.

स्वयंचलित सिग्नलच्या खांबावर पांढऱ्या गोल पाटीवर काळ्या रंगात इंग्रजी ‘ए’ अक्षर असतं. ही पाटी विसरू नका. कागदावर छापून पाच मिलिमीटरची चकती कापली की झालं, पण जाणकार पाहुणा पहिल्यांदा तीच शोधतो.

पुण्यात राहत असाल किंवा जाणं होत असेल, तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून या. अख्खी मांडणी एकत्र चालते तेव्हा सिग्नलचं स्थान काय, हे तिथे उभं राहून जेवढं समजतं तेवढं वाचून समजत नाही.

एलईडी आणि रेझिस्टर

खऱ्या सिग्नलच्या दिव्याची काच साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची धरली, तर आपल्या प्रमाणात ती २.३ मिलिमीटर होते. म्हणजे ३ मिलिमीटरचा गोल एलईडी जरा मोठा दिसतो, पण पहिल्या सिग्नलसाठी उत्तम. हाताळायला सोपा आणि एक-दोन रुपयांत मिळतो. हात बसला की एसएमडी, म्हणजे पाय नसलेल्या चपट्या एलईडीकडे वळा. ‘०८०५’ आकाराचा एलईडी २ गुणिले १.२५ मिलिमीटरचा असतो आणि २.३ मिलिमीटरच्या भोकामागे अगदी नेमका बसतो. ‘०६०३’ अजून लहान, एन प्रमाणासाठी योग्य.

हिरव्याची निवड काळजीपूर्वक करा. बाजारात दोन तऱ्हेचे हिरवे मिळतात. जुन्या धाटणीचा हिरवा पोपटी दिसतो आणि साधारण २.१ व्होल्टवर लागतो. दुसरा थोडा निळसर झाक असलेला, पाचूसारखा हिरवा, त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. सिग्नलला हा दुसराच हवा. पोपटी एलईडी पिवळ्याशेजारी ठेवला, की दोघांतला फरक दोन मीटरवरून कळेनासा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड, कुठेही घ्या, पण दुकानातच पेटवून बघा.

एलईडीला रेझिस्टरशिवाय कधीही वीज द्यायची नाही. हिशेब सोपा आहे: पुरवठ्याच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि हव्या त्या करंटने भागा. पाच व्होल्टचा पुरवठा, लाल एलईडीचे दोन व्होल्ट आणि दोन मिलिअँपिअर करंट धरला तर ३ भागिले ०.००२, म्हणजे १५०० ओहम.

एलईडीच्या माहितीपत्रात वीस मिलिअँपिअर लिहिलेलं असतं म्हणून बरेच जण तेवढा करंट देतात. सिग्नलसाठी हे फार जास्त होतं. खोलीत टॉर्च लावल्यासारखा उजेड पडतो आणि प्रमाणाचा भास मोडतो. बारा व्होल्टवर असं केलं तर ४७० ओहमचा रेझिस्टर ०.२ वॅट उष्णता टाकतो. पाव वॅटचा रेझिस्टर बोटाला चटका देण्याइतका तापतो. पाच व्होल्टवर मी या आकड्यांपासून सुरुवात करतो: लालला १.५ किलोओहम, पिवळ्याला १ किलोओहम, पाचू हिरव्याला ४.७ किलोओहम. हिरवा इतका तेज असतो की अर्ध्या मिलिअँपिअरलाही भरपूर दिसतो. मग खोलीतला दिवा मालवून दोन मीटरवरून बघा. रंग स्पष्ट दिसला पाहिजे, पण शेजारच्या रुळांवर त्याचा उजेड पडता कामा नये. तिन्ही रंग सारखे दिसेपर्यंत रेझिस्टर बदला. या अर्ध्या तासाइतकं फळ दुसऱ्या कुठल्याच कामाला येत नाही.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. सगळ्यांना मिळून एकच लावला तर तेज वेगवेगळं जुळवता येत नाही, आणि डबल पिवळा लागताना करंट दोघांत वाटला जाऊन दोन्ही मंद होतात.

खांब आणि डोकं

खांबासाठी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओची ओढून लांब करायची एरियल भंगारवाल्याकडून घ्या. ती एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्यांची असते. दोन मिलिमीटरच्या आसपासची नळी निवडा. सर्वांत आतला तुकडा कधीकधी भरीव निघतो, तो बाजूला ठेवा. बारीक दातांच्या पात्याने फिरवत फिरवत कापा आणि तोंडाची कड आतून घासून घ्या. धारदार कड वायरीचं आवरण सोलते आणि नंतर शॉर्ट शोधत बसावं लागतं.

वायर म्हणून मोटर वाइंडिंगच्या दुकानातली एनॅमल चढवलेली तांब्याची तार घ्या, ३६ गेज, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर. वजनावर मिळते आणि थोड्याशा पैशांत कित्येक सिग्नल होतात. पाच तारा दोन मिलिमीटरच्या नळीतून आरामात जातात. मोटरच्या तारेचं एनॅमल उष्णतेला चिवट असतं. नुसत्या सोल्डरिंगच्या उष्णतेने ते बहुधा जळत नाही, म्हणून टोकं पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं करा आणि त्यावर आधी सोल्डर चढवून ठेवा.

डोक्यासाठी मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. जाडी ०.७६ मिलिमीटर, कापायला सोपं. सहा मिलिमीटर रुंद आणि वीस मिलिमीटर उंच पट्टी कापा. मध्यरेषेवर चार-चार मिलिमीटर अंतरावर चार खुणा सुईने टोचून घ्या आणि हातड्रिलने आधी एक मिलिमीटरचं, मग २.३ मिलिमीटरचं भोक पाडा. एकदम मोठं पातं लावलं तर भोक सरकतं आणि दिवे तिरके दिसतात.

एसएमडी एलईडी पट्टीच्या मागून, तोंड भोकाकडे करून बसवा. पट्टीच्या पुढच्या बाजूला तात्पुरती सेलोटेप लावा, म्हणजे एलईडी भोकात तिला चिकटून राहील. त्याआधी मल्टिमीटरच्या डायोड मोडवर प्रत्येकाची ऋण बाजू तपासा. एलईडीवरची हिरवी खूण बहुधा ऋण बाजूला असते, पण प्रत्येक कंपनी तसं करतेच असं नाही. सगळ्यांच्या ऋण बाजू एकाच दिशेला ठेवा आणि त्यांना जोडणारी एक उभी तार डागून घ्या. ही सामाईक तार. उरलेल्या चार बाजूंना एकेक स्वतंत्र तार. पंचवीस वॅटची सोल्डरिंग गन, बारीक टोक, थोडं फ्लक्स, आणि टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही, नाहीतर कार्ड वितळतं आणि एलईडीही जातो.

प्रत्येक डाग दिल्यावर लगेच तो दिवा पेटवून बघा. सगळं चिकटवल्यावर कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

मग पाठीमागून पातळ थर देत काळा अॅक्रिलिक रंग लावा. एलईडीचा उजेड कार्डातून आणि कडांतून झिरपतो, तो अडवायला दोन-तीन थर लागतात. रंग वाळल्यावर मागे कार्डाचाच एक तुकडा झाकण म्हणून लावा. दिव्यांवरच्या टोप्या अडीच मिलिमीटरच्या काळ्या हीट श्रिंक स्लीव्हच्या (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीच्या) करायच्या: तिरक्या कापायच्या, लांब बाजू वर ठेवायची आणि सुपरग्लूच्या एका थेंबाने बसवायच्या. उन्हाचा कवडसा दिव्यावर पडून तो पेटल्यासारखा दिसू नये, म्हणून खऱ्या सिग्नलला टोप्या असतात. आपल्याकडे खिडकीतल्या उजेडात त्या तेच काम करतात.

शिडीसाठी खिडकीच्या डासांच्या जाळीची धातूची पट्टी दोन उभ्या तारांएवढी कापा आणि प्रत्येक दुसरी आडवी तार काढून टाका. पायऱ्यांमधलं अंतर बऱ्यापैकी प्रमाणात येतं. लाल दिवा रुळाच्या माथ्यापासून चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर उंचीवर आला, की सिग्नल इंजिनाशेजारी शोभतो.

खांब फळीत कायमचा चिकटवू नका. खाली पाच पिनांची बर्ग पट्टी डागा आणि फळीखाली तिचं मादी सॉकेट बसवा. हात लागून सिग्नल कधीतरी मोडणारच. तेव्हा तो उपसून टेबलावर दुरुस्त करता आला पाहिजे. फळीखाली झोपून डाग देणं फार त्रासाचं असतं.

पहिली पायरी: हाताने चालवा

संगणकाच्या भानगडीत पडण्याआधी एक सिग्नल हाताने चालवून बघा. चार जागांचा रोटरी स्विच घ्या. मधल्या पिनेला पाच व्होल्ट धन, चार बाहेरच्या पिनांमधून रेझिस्टरमार्गे दिवे, सामाईक तार ऋणाला. पुरवठ्यासाठी जुना मोबाइल चार्जर पुरतो. रुळांच्या पुरवठ्यावरून सिग्नल कधीही चालवू नका. तिथले व्होल्ट वेगाप्रमाणे वरखाली होतात आणि दिशा बदलली की उलटतात.

अडचण येते डबल पिवळ्याला. स्विचची तिसरी जागा दोन्ही पिवळे लावते आणि दुसरी जागा फक्त खालचा. दोन्ही जागांच्या तारा सरळ जोडल्या, तर दुसऱ्या जागेवरही दोन्ही लागतील. उपाय एका १एन४१४८ डायोडचा: तिसऱ्या जागेची तार वरच्या पिवळ्याला थेट द्या आणि तिथूनच डायोडमार्गे खालच्या पिवळ्याच्या तारेला जोडा, डायोडची काळी पट्टी खालच्या पिवळ्याकडे. आता वीज तिसऱ्या जागेवरून खाली येते, पण दुसऱ्या जागेवरून वर जाऊ शकत नाही. खालचा पिवळा डबलमध्ये किंचित मंद दिसेल; चालतं.

ज्यांना स्वतः स्टेशनमास्तर होऊन गाड्या सोडायला आवडतं, त्यांनी इथेच थांबलं तरी हरकत नाही. चार स्विचची एक छोटी पेटी, वर मार्गाचं चित्र, आणि घरातलं लहान मूल सिग्नलवर, हा खेळ तासन्‌तास चालतो.

गाडी कुठे आहे हे कळायला हवं

स्वयंचलित यंत्रणेसाठी पहिली गरज गाडी ओळखण्याची. रुळातला करंट मोजून गाडी ओळखता येते, आणि डिजिटल नियंत्रण असलेल्या मांडणीत ती पद्धत फार चांगली. पण साध्या डीसी मांडणीत गाडी थांबवली की करंटही थांबतो आणि उभी गाडी ‘दिसेनाशी’ होते. चुंबक आणि रीड स्विचची (चुंबक जवळ आला की लागणाऱ्या स्विचची) जोडी स्वस्त आहे, मात्र प्रत्येक इंजिनाखाली चुंबक लावावा लागतो आणि शेवटचा डबा गेला का हे कळत नाही. एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा रेझिस्टर, संध्याकाळी खोलीतला उजेड बदलला की गोंधळतो.

म्हणून मी इन्फ्रारेड किरणाची आडवी जोडी सुचवेन. रुळाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला तो किरण ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. गाडी मध्ये आली की किरण तुटतो. परावर्तनावर चालणारी तयार मॉड्यूलंही मिळतात आणि वापरायला सोपी असतात, पण काळ्या रंगाच्या तळाकडून किरण नीट परतत नाही आणि गाडी मधूनच हरवते.

किरण रुळाला काटकोनात न ठेवता तिरका ठेवा, साधारण पंचेचाळीस अंशांत, आणि रुळाच्या माथ्यापासून वीस-पंचवीस मिलिमीटर उंचीवर. त्या उंचीवर डब्याचं सलग अंग येतं आणि तिरकेपणामुळे दोन डब्यांमधल्या फटीतून किरण सहसा निसटत नाही. एलईडी एका केबिनमागे आणि फोटोट्रान्झिस्टर झुडपात लपवता येतो.

एलईडीला पाच व्होल्टवर २२० ओहम लावा. फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर १० किलोओहममार्गे पाच व्होल्टला, एमिटर ऋणाला आणि कलेक्टरवरूनच संदेशाची तार. किरण पोचत असताना तारेवर शून्याजवळ व्होल्ट असतात, तुटला की पाचाजवळ जातात. दुकानात ‘आयआर जोडी’ मागितली तर बऱ्याचदा फोटोडायोड मिळतो, जो दिसायला अगदी तसाच असतो. त्याला १० ऐवजी १०० किलोओहम आणि उलट दिशेची जोडणी लागते. त्यामुळे फोटोट्रान्झिस्टर असं स्पष्ट सांगून घ्या. इन्फ्रारेड एलईडी लागला आहे का, ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून दिसतं: जांभळट ठिपका चमकतो. फोटोट्रान्झिस्टरभोवती काळ्या स्लीव्हची दीड सेंटिमीटरची नळी लावा, नाहीतर दुपारच्या उन्हात तो आंधळा होतो.

नॅनो आणि चार ब्लॉक

गोल मार्गाचे चार भाग करा. त्यांना ब्लॉक म्हणूया. गाड्या एकाच दिशेने धावतील असं धरलं आहे. प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाशी त्याच क्रमांकाचा सिग्नल, आणि सिग्नलच्या पुढे दहा-पंधरा सेंटिमीटरवर त्याच क्रमांकाचा सेन्सर. रूळ कापायची, वेगळे करायची गरज नाही.

मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची स्वस्त नक्कल पुरते, दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. तिच्या पिना या कामाला अशा बसतात की एकही जास्तीची चिप लागत नाही. चार सिग्नल गुणिले चार दिवे म्हणजे सोळा पिना: डी २ ते डी १३ या बारा आणि ए ० ते ए ३ या चार. उरलेल्या ए ४ ते ए ७ वर चार सेन्सर. ए ६ आणि ए ७ फक्त अॅनालॉग वाचू शकतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. डी ० आणि डी १ मोकळ्या ठेवा, त्या संगणकाशी बोलायला लागतात. प्रत्येक दिव्याची पिन रेझिस्टरमधून एलईडीच्या धन बाजूला, सामाईक तार नॅनोच्या ग्राउंडला. नॅनोला यूएसबीतून पाच व्होल्ट द्या. बारा व्होल्ट देऊन तिच्याच रेग्युलेटरवर सगळे सेन्सर चालवले तर तो तापतो.

आता नियम. प्रत्येक सिग्नलसाठी प्रोग्रॅमने क्रमाने विचारायचं: माझ्या ब्लॉकमध्ये गाडी आहे का? असेल तर लाल. नसेल, तर त्याच्या पुढच्या ब्लॉकमध्ये आहे का? असेल तर पिवळा. तिथेही नसेल, तर त्याच्याही पुढच्यात? असेल तर डबल पिवळा. नाहीतर हिरवा. बस्स, एवढाच. चौथ्यानंतर पुन्हा पहिला येतो हे लक्षात ठेवायचं. क्रमांकाला चारने भागून बाकी घेतली की ते आपोआप होतं.

एकच गाडी पहिल्या ब्लॉकमध्ये असेल तर काय दिसेल ते बघा. पहिला सिग्नल लाल. चौथ्याचा ब्लॉक रिकामा पण पुढे गाडी, म्हणून पिवळा. तिसरा डबल पिवळा. दुसरा हिरवा. म्हणजे चार ब्लॉकच्या वर्तुळात चारही संकेत एकाच वेळी दिसतात आणि गाडीबरोबर फिरत राहतात. मी चारच ब्लॉक सुचवतो ते यासाठी. तीन केले तर हिरवा कधी लागतच नाही.

ब्लॉक भरला कधी आणि रिकामा झाला कधी, हे ठरवणं हा खरा कामाचा भाग. सेन्सर दोनचा किरण तुटला की दुसरा ब्लॉक लगेच भरलेला धरा. तो किरण पुन्हा जोडला जाऊन सलग दोन सेकंद जोडलेला राहिला, की गाडीचं शेपूट गेलं असं समजून पहिला ब्लॉक मोकळा करा. ही मोकळीक एकदाच द्यायची, त्यासाठी प्रत्येक सेन्सरची एक खूणगाठ प्रोग्रॅममध्ये ठेवा. दोन सेकंदांची वाट बघताना प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारी ‘डिले’ आज्ञा वापरू नका. त्या काळात बाकीचे तीन सेन्सर कुणीच बघत नसतं. ‘मिलिस’ हे नॅनोचं मिलिसेकंदांचं घड्याळ वाचून वेळेतला फरक काढा.

खऱ्या स्वयंचलित मार्गावरही गाडीने पुढचा सिग्नल ओलांडला की लगेच मागचा सुटत नाही. त्यापुढे किमान १२० मीटरचा ओव्हरलॅप, म्हणजे सुरक्षेसाठी राखलेला पट्टा, मोकळा व्हावा लागतो. आपल्या प्रमाणात ते जवळजवळ १.४ मीटर झाले, टेबलावर परवडणारे नाहीत. पण सेन्सर सिग्नलच्या दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे ठेवल्याने छोटासा ओव्हरलॅप आपोआप मिळतो. शिवाय इंजिन सिग्नलच्या पुढे गेल्यावरच तो लाल होतो. चालवणाऱ्याच्या तोंडावर रंग बदलत नाही.

वीज सुरू करताना चारही ब्लॉक भरलेले आहेत असं धरून सुरुवात करा. सगळे लाल लागतील. गाडी एक फेरी मारेल तसतसे ब्लॉक मोकळे होत जातील आणि दुसऱ्या फेरीपासून सगळं बरोबर दिसेल. उलट सगळे रिकामे धरले, तर उभ्या गाडीमागचा सिग्नल हिरवा दिसेल. शंका असेल तेव्हा लाल, हाच रेल्वेचा नियम आणि आपलाही.

चाचणी आणि दोष

गाडी रुळावर ठेवण्याआधी हाताने सेन्सर १, २, ३, ४ या क्रमाने झाका आणि सिग्नल बघा. इथे चूक निघाली तर ती प्रोग्रॅमची किंवा तारांची. मग एक इंजिन, मग पूर्ण गाडी, मग दोन गाड्या. दोन गाड्या समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये असतील, तर लाल-पिवळा-लाल-पिवळा असं दिसलं पाहिजे.

गाडी मध्ये असतानाही सेन्सरला ती दिसत नसेल तर आधी ऊन आणि ट्यूबलाइट तपासा. किरण असताना आणि तुटल्यावर येणारे अॅनालॉग आकडे संगणकावर वाचा आणि मर्यादा दोघांच्या मधोमध ठेवा. प्रत्येक सेन्सरची वेगळी ठेवावी लागली तरी ठेवा. इंजिनाच्या मोटरचा खरखराट लांब तारांत घुसतो. सेन्सरच्या तारा पिळून घ्या, रुळांच्या वीजतारांपासून दूर न्या आणि पाच व्होल्ट व ग्राउंडमध्ये सेन्सरजवळच १०४ क्रमांकाचा कपॅसिटर लावा. तरीही टिकत नसेल, तर लागोपाठ पाच वेळा तुटलेला दिसला तरच किरण तुटला असं माना.

डबा हाताने उचलून दुसरीकडे ठेवला, किंवा गाडी लाल ओलांडून दुसरीच्या मागे घुसली, तर प्रोग्रॅमचा हिशेब चुकतो. तेव्हा रीसेट दाबून पुन्हा सगळ्या लालपासून सुरुवात करायची.

स्टेशन आलं की

मार्गात सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) आणि लूप (मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ) असेल, तर स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला आणखी एक गोष्ट कळायला हवी: सांधा कुठे लागला आहे. सांध्याच्या सळईला मायक्रोस्विच लावा आणि ते नॅनोला जोडा. सोळा पिना दिव्यांत गेल्यामुळे स्टेशनासाठी दुसरी नॅनो घेणं सोपं पडतं. सांधा मुख्य मार्गाला असेल तर नेहमीचे नियम. लूपला असेल तर हिरवा कधीच द्यायचा नाही. लूप रिकामा असला तरी फक्त एक पिवळा, आणि डोक्यावर मार्गदर्शक दिव्यांची तिरकी ओळ. खऱ्या सिग्नलवर या ओळीत पाच पांढरे दिवे असतात. ‘०६०३’चे पाच पांढरे एलईडी एका पट्टीवर डागून, प्रत्येकाला ४.७ किलोओहम लावून ती ओळ एकाच पिनेवर चालते. होमच्या मागचा सिग्नल अशा वेळी डबल पिवळा दाखवेल.

आणि सांधा बदलत असताना, म्हणजे सळई दोन्हीपैकी कुठल्याच टोकाला टेकलेली नसताना, होम लालच राहिला पाहिजे. यासाठी सळईच्या दोन्ही टोकांना एकेक असे दोन मायक्रोस्विच लावा, प्रत्येकाला वेगळी पिन द्या, आणि दोन्ही उघडे किंवा दोन्ही बंद दिसले तर प्रोग्रॅमला लालशिवाय दुसरा पर्याय ठेवू नका.